पॅप रिपोर्टवर "ॲटिपिकल" आलं म्हणजे नक्की काय?

पॅप टेस्ट म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, तिच्या रिपोर्टवर हा शब्द दिसला की बायका थेट कॅन्सरपर्यंत जाऊन पोचतात, झोप उडते, घरात कुणाला सांगायचीही भीती वाटते, आणि हे सगळं बघून मला खरंच फार वाईट वाटतं. कारण बहुतेकदा या शब्दाच्या जागी किंवा सोबत जे लिहिलेलं असतं ते एएससी-यूएस हे आजाराचं नावच नाहीये. पेशी नॉर्मलपेक्षा जरा वेगळ्या दिसल्या पण कशामुळे ते स्लाइडवरून ठरवता आलं नाही, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. साधी सूज, इन्फेक्शन, पाळी गेल्यावर कमी झालेलं इस्ट्रोजेन, कशानेही पेशी तशा दिसू शकतात.

एचपीव्ही नावाच्या व्हायरसनेही दिसतात, म्हणून पुढची टेस्ट एचपीव्हीची. ती निगेटिव्ह आली तर धोका इतका कमी की अमेरिकेतल्या 2019 च्या गाइडलाइननुसार पुढची तपासणी थेट 3 वर्षांनी. पॉझिटिव्ह आली तर सहसा कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड नीट बघतात, गरज वाटली तर छोटा तुकडा काढून तपासतात. पॉझिटिव्ह म्हणजेही कॅन्सर नाही हां, बहुतेक जणींच्या शरीरातून हा व्हायरस एक-दोन वर्षांत आपोआप जातो, जो वर्षानुवर्षं टिकून राहतो त्याचीच काळजी, त्यातही 16 आणि 18 नंबरचे प्रकार जास्त कारण गर्भाशयमुखाचे साधारण 70 टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते, जुने रिपोर्ट जपून ठेवा आणि डॉक्टरकडे जाताना न्या. दोघींचा आत्ताचा रिपोर्ट अगदी सारखा, एएससी-यूएस आणि एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण एकीची मागची एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह होती आणि दुसरीची कधी झालीच नव्हती, तर दोघींचा धोका वेगळा निघतो. त्याच गाइडलाइनमध्ये गंभीर बदल आत्ता सापडण्याची शक्यता 4 टक्के किंवा जास्त असेल तर कोल्पोस्कोपी सांगितलीये, आणि ती शक्यता काढताना मागचे निकालही धरतात. त्यामुळे पहिलीला कधीकधी वर्षभराने परत टेस्ट करा एवढंच सांगतात, तिने लगेच घाबरून जायचं कारण नसतं.

मात्र एएससी-एच हा ॲटिपिकलचाच दुसरा प्रकार आला तर ते वेगळं प्रकरण, तिथे गंभीर बदलाची शंका असते, थांबायचं नाही, कोल्पोस्कोपी करून घ्यायची. आणि संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी गेल्यावर परत ब्लीडिंग झालं तर पॅप नॉर्मल असली तरी दाखवून या.