चार चाकांचा रेणू कशासाठी?

अमेरिकेत ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठात जेम्स टूर आणि केविन केली यांच्या गटाने २००५ साली एकाच रेणूची मोटारगाडी तयार केली. लांबी-रुंदी जेमतेम तीन-चार नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), आणि चाकांच्या जागी प्रत्येकी साठ कार्बन अणूंचे, फुटबॉलसारखे गोल फुलरीन. जिच्यात कोणी बसणार नाही आणि जी काही वाहूनही नेणार नाही, अशा गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारील. माझ्या मते ती गाडी मुळात वाहन नव्हतीच. पृष्ठभागावर रेणू सरकतो तेव्हा तो घसरतो की खरोखर गडगडतो, हे तपासण्याचे ते साधन होते.

सुटा फुलरीन सोन्यावर हलताना पाहून याचा निवाडा करणे कठीण, कारण गोलाला दिशा नसते. आसांना जखडलेली चाके मात्र दिशा ठरवून देतात. सोन्याचा पृष्ठभाग सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यावर हे रेणू हलू लागले आणि अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने त्यांची एकामागून एक चित्रे टिपली. चारचाकी रेणू आसांना काटकोनात पुढे-मागे जात होता. सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने ओढून पाहिला, तेव्हाही तो त्याच दिशेने सहज आला, आडवा ओढला तर येईना. खरी खुबी होती ती याच गटाच्या तीनचाकी रेणूत. त्याचे तिन्ही आस मध्यापासून तीन दिशांना फाकलेले असल्याने चाके फिरली तर त्याला जागच्या जागी गिरकी घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्याने तेच केले. नुसती घसरण असती, तर तोही इकडेतिकडे भरकटायला हवा होता.

या गाडीला इंजिन नव्हते, हालचाल सगळी उष्णतेच्या जोरावर. नेदरलँड्समधील बेन फेरिंगा यांच्या गटाने २०११ साली चाकांऐवजी चार रेण्वीय मोटरी, म्हणजे ऊर्जा मिळताच फिरणारे भाग, बसवलेला रेणू तांब्याच्या पृष्ठभागावर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाच्या टोकातून विजेचे दहा धक्के देऊन त्याला सुमारे सहा नॅनोमीटर चालवले. प्रश्न आता पुढचा होता : बाहेरून दिलेल्या ऊर्जेचे ठरावीक दिशेच्या गतीत रूपांतर एकटा रेणू करू शकतो का? अशा रेण्वीय यंत्रांवरील कामासाठी फेरिंगा यांना २०१६ मध्ये सोव्हाज आणि स्टोडार्ट यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढल्याच वर्षी फ्रान्समधील तुलूझ येथे अशा रेणूंची चक्क शर्यतही झाली. तो प्रकार थोडा जत्रेसारखा वाटतो खरा. पण एकेक रेणू न मोडता ठरलेल्या वळणांवरून नेण्याचे कौशल्य तिथे कसाला लागले.