जोगेन सेनची सभा

इंग्लंडमध्ये लीड्सला आमच्या मराठी मंडळाची दिवाळी हॉलमध्ये मावत नाही. पहिल्या महायुद्धात लीड्सच्या पलटणीतून लढताना गेलेल्या जोगेन सेनच्या स्मृतिसभेला मात्र तीस खुर्च्या मांडल्या तरी सहा-सात रिकाम्या राहतात. मे महिन्याचा शेवट, मुलांच्या शाळांना सुट्टी, कुणी भारतात, कुणी समुद्रावर. कारणं मला पाठ आहेत. तरी इतकी वर्षं चिटणीस म्हणून फोन मीच केले, त्यामुळे 'नक्की येतो' म्हणून न आलेले अजून लक्षात आहेत.

सुरुवात २०१६ साली झाली, सेनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा. बैठकीत एकानं विचारलं, "मुलगा बंगाली, मग मराठी मंडळानं का?" आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "अरे, आम्ही इथे आलो तेव्हा आम्हाला मराठी म्हणून कोण ओळखत होतं? सगळे नुसते इंडियन." विषय तिथेच मिटला.

दीपप्रज्वलन, स्वागत, अध्यक्षांचं भाषण दरवर्षीप्रमाणे होतं. मी वाट बघत असतो ती त्यानंतरच्या दहा मिनिटांची. इथेच जन्मलेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला उभं करायचं आणि त्यानं सेनची हकिगत मराठीत सांगायची, हा आमचा रिवाज. मराठी अडखळत येते. कुणी मधून दुरुस्त करायचं नाही, हा नियम मी कटाक्षानं पाळायला लावला.

जोगेंद्रनाथ सेन चंदननगरचा. गाव बंगालमधलं, पण तिथे तेव्हा राज्य फ्रेंचांचं. १९१० मध्ये तो लीड्स विद्यापीठात आला, १९१३ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाला आणि शहराच्या वीजकेंद्रात नोकरीला लागला. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा शहरातल्या तरुणांची स्वतःची पलटण उभी राहिली, 'लीड्स पाल्स'. सेननं सप्टेंबरमध्येच नाव घातलं. त्याच्या बराकीत राहिलेल्या एका सोबत्यानं १९८८ साली, म्हातारपणी, सांगून ठेवलंय की पलटणीत सगळ्यात शिकलेला हाच, सातेक भाषा बोलणारा; पण गोऱ्या माणसावर काळा माणूस नको म्हणून त्याला साधा लान्स कॉर्पोरलही, म्हणजे शिपायाच्या लगेच वरचा, केलं नाही. इथे पोचलं की वाचणाऱ्या मुलांचा आवाज दरवर्षी बदलतो. त्यांना ते कुणी समजावून द्यावं लागत नाही.

मग इजिप्त, सुएझ कालवा, तिथून फ्रान्स. २२ मे १९१६च्या रात्री काटेरी तारा लावायला गेलेल्या तुकडीवर तोफांचा मारा झाला आणि सेन गेला. वय २८. फ्रान्समधल्या सोमच्या मोठ्या लढाईला तेव्हा जेमतेम सहा आठवडे उरले होते. १ जुलैला सेर गावासमोर त्याचे बरेचसे सोबतीही पडले. त्याची कबर फ्रान्समध्ये कोलँकाँ गावाजवळ आहे, नाव लीड्स विद्यापीठाच्या स्मारकावर आहे, आणि त्याचा रक्ताचे डाग पडलेला फुटका चष्मा चंदननगरच्या संग्रहालयात परत पोचलाय.

एका वर्षी वाचणारी मुलगी या चष्म्यापाशी थांबली. तिनं स्वतःचा चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. शेवटी कागद बाजूला ठेवून उरलेलं तोंडीच सांगितलं. क्रियापदांचे काळ चुकत होते. 'तो मेला' म्हणायचं तिथे ती 'तो घरी नाही आला' म्हणाली. मागच्या रांगेतल्या आजोबांनी, जे एरवी भाषण सुरू झालं की डोळे मिटतात, त्यांनी उभं राहून हात जोडले. हॉलमध्ये कुणीच बोलेना. चहा तसाच गार झाला. मी आजवर पुष्कळ वक्ते आणले, नावाजलेलेही. त्या दहा मिनिटांची सर एकालाही आली नाही.

आता आभार. नावं छापायची नाहीत अशी सगळ्यांची अट, म्हणून कामावरूनच ओळखावं. पहाटे उठून सगळ्यांचे पोहे करणाऱ्या दोघी बहिणी. खुर्च्या मांडणारे आणि एकट्यानं उचलणारेही खजिनदार. सेनचा फोटो मोठा करून चौकटीत बसवणारे दादा. सभा असली की हॉलची किल्ली अर्धा तास आधी देणाऱ्या इंग्लिश बाई, ज्या दरवर्षी शेवटच्या खुर्चीवर बसून एक शब्द न कळता पूर्ण ऐकतात. ब्रॅडफर्डहून दोन बस बदलून येणारं बंगाली जोडपं. मुलांच्या तोंडी सेनच्या गावाचा उच्चार नीट बसवला तो त्यांनीच. माइक बिघडला त्या वर्षी गाडीतून स्वतःचा स्पीकर आणून देणारा मुलगा. आणि पहिल्या बैठकीत या सभेचा ठराव मंजूर करून घेणाऱ्या त्या काकू. त्या गेल्यापासून पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची मीच रिकामी ठेवतो. वर सांगितलेल्या सहा-सात रिकाम्यांत ती मोजलेली नाही.