जाऊं नकोस

सोलापूर, गुरुवार, रात्री साडेदहा

आज दुपारी मी एका पुस्तकाच्या समासातली ओळ खोडली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

दर गुरुवारी ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची डागडुजी असते. खळ, पातळ कागद, जाड दोरा आणि खोडरबर घेऊन मी माझ्या ठरलेल्या खिडकीजवळ बसते. आजच्या गठ्ठ्यात इंग्रज लेखक रिचर्डसनच्या 'क्लॅरिसा' या पत्ररूप कादंबरीची एक जुनी, संक्षिप्त इंग्रजी प्रत होती आणि तिची पाठीची शिवण पार उसवली होती. सुटी झालेली पाने क्रमाने लावताना एका समासात शिसपेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात लिहिलेली मराठी ओळ दिसली : "त्यानें चिठ्ठी नेली नाहीं. जाऊं नकोस." मी ती वाचली आणि सवयीने हात रबराकडे गेला. चार-पाच वेळा घासल्यावर अक्षरे गेली, रबराचे काळपट कण मी फुंकरीने उडवले आणि पान बाजूला ठेवून पुढचे हातात घेतले. ते पान लावून होईपर्यंत त्या ओळीवरचे अनुस्वार माझ्या लक्षातही आले नव्हते. नीला म्हणाली, "काय झाले, थांबलात का?" मी काहीच म्हणाले नाही.

शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी हे अनुस्वार १९६२ साली काढून टाकले. म्हणजे ज्या कोणी ही ओळ लिहिली, त्या व्यक्तीची अक्षरओळख त्याआधीची होती. सोलापुरातच कुठे तरी, कंदिलाच्या नाही तर पिवळ्या दिव्याच्या उजेडात, दीड-दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरी वाचत बसलेल्या त्या व्यक्तीला तिथे थांबून पेन्सिल शोधावीशी वाटली. आणि मी रबर उचलले.

जागाही नेमकी ती होती. नकोशा लग्नासाठी घरचे मागे लागलेले असताना क्लॅरिसा लव्हलेसबरोबर निघून जाण्याचे कबूल करते, मग मन बदलते आणि येत नसल्याची चिठ्ठी त्यांच्या ठरलेल्या जागी ठेवते. ती चिठ्ठी तो जाणूनबुजून उचलत नाही. चिठ्ठी अजून तिथेच आहे, हे ती मैत्रिणीला कळवते आणि नकार तोंडी सांगण्यासाठी बागेच्या दाराशी जायचे ठरवते. पुढच्याच पत्रात ती गेलेली असते. साध्या निवेदनाच्या कादंबरीत लेखक आपल्याला तिच्याबरोबर दारापर्यंत नेऊ शकतो. इथे दोन पत्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत सगळे होऊन जाते आणि आपल्या हाती पत्र पडते तेव्हा बोलायची वेळ उलटलेली असते. "जाऊं नकोस" ही ओळ त्या कोऱ्या जागेच्या अगदी काठावर लिहिलेली होती, हे आठवले की पोटात कालवते.

वाचक मंडळात मी नेहमी पत्ररूप कादंबरीच्या रचनेबद्दल बोलत आले आहे. एकच घटना दोन हातांनी लिहिलेली असली की सत्य कुठे सरकते, हा माझा आवडता मुद्दा आहे. वामन मल्हार जोशींची 'इंदु काळे व सरला भोळे' आम्ही घेतली तेव्हाही मी हेच बोलले होते. कोणी म्हणाले की इतकी पत्रे वाचताना कंटाळा येतो, कोणी म्हणाले की दुसऱ्याची पत्रे वाचणे बरे वाटत नाही, आणि वहिनी मात्र गप्प राहून डोळे पुसत होत्या. मला त्या दिवशी त्यांचे वाचन थोडे भाबडे वाटले होते. आज ते कबूल केलेलेच बरे.

लहानपणी आमच्या वाड्यात पत्र एकट्याने वाचले जात नसे. मिलमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांच्या घरी गावाकडून पत्र आले की वाचता येणारा एक जण उंबऱ्यावर बसे आणि सगळ्या बायका भोवती जमत. मराठी पत्र अण्णा वाचत, कानडी पत्रासाठी मागच्या आळीतून कोणाला तरी बोलवावे लागे, आणि तेलुगू पत्र आले की मागावरून उठून कोणी पद्मशाली मुलगा येई. ऐकणारी बाई मध्येच त्या कागदाशी बोलू लागे. "अगं, मग डॉक्टरला का नाही दाखवलंस?" असे ती इतक्या तळमळीने विचारी की वाचणारा क्षणभर थांबे, जणू आता पलीकडून उत्तर येईल. त्या बायांना कोणी भाबडे म्हटले नाही. समोर पत्र आले की माणूस त्याला उत्तर देतो, हे मला तेव्हा माहीत होते आणि पुस्तके नीटनेटकी ठेवता ठेवता कधी विसरले, ते आता सांगता येत नाही.

(सुमनचे शेवटचे आंतरदेशीय पत्र हाती पडले तेव्हा ती गाडीत बसून गेलेली होती. त्याबद्दल आज लिहीत नाही.)

'क्लॅरिसा' १७४७ आणि १७४८ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने निघाली, सात खंडांत. शेवटचे खंड यायचे होते आणि ती मुलगी मरणार अशी कुणकुण वाचकांना लागली, तेव्हा तिला वाचवा म्हणून लोकांनी रिचर्डसनला पत्रे लिहिली. लेडी ब्रॅडशे यांनी तर खोटे नाव घेऊन त्यांची विनवणी केली. रिचर्डसननी ऐकले नाही. लेडी ब्रॅडशे यांच्या बहिणीने, लेडी एक्लिन यांनी, पुढे आपल्यापुरता वेगळा शेवट लिहून काढला. लेडी ब्रॅडशे यांनी आपल्या प्रतीच्या समासांत जागोजागी मनातले लिहिले, आणि ती प्रत हाती आल्यावर रिचर्डसननी त्याच समासांत त्यांना उत्तरे दिली. ती प्रत जपून ठेवलेली आहे आणि अभ्यासकांनी तिच्यावर लिहिले आहे. हे सगळे मी पूर्वी वाचले होते, मंडळात सांगितलेही होते. तरीही इथल्या समासातली ओळ मला घाण वाटली, हेच मला राहून राहून बोचते आहे.

संध्याकाळी घरी येताना माझीच मला फार कीव आली. इतकी वर्षे एक पैसा न घेता दुसऱ्यांची पुस्तके शिवली, चष्म्याचा नंबर वाढला, बोटांना सुया टोचल्या, आणि शेवटी हातून काय झाले तर एका अनोळखी माणसाचा आवाज पुसला गेला. सिद्धेश्वर तलावाच्या कठड्याशी बराच वेळ उभी राहिले. दिवसभर तापलेल्या दगडाची धग हाताला लागत होती.

शिवण पुरी करायला पुस्तक घरी आणले आहे. जेवणानंतर दिवा बाजूला घेऊन ते पान तिरपे धरले, तर अक्षरे गेलेली असली तरी पेन्सिलीचे ओरखडे कागदात राहिले आहेत. 'त्यानें' अर्धवटच दिसते. 'चिठ्ठी'ची वेलांटी मी घासून पार घालवली. 'जाऊं' मात्र स्पष्ट आहे, कारण तिथे हात दाबून लिहिले होते. पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवले की अनुस्वाराच्या जागी मोहरीपेक्षाही बारीक उंचवटा लागतो. मी तो तीनदा चाचपून पाहिला.

नीलाने फोनवर सांगितले की त्याच ओरखड्यांवरून पुन्हा पेन्सिल फिरवा. मला ते पटले नाही. अक्षर माझे होईल, आणि ज्या क्षणी कोणाला तरी ओरडून सांगावेसे वाटले होते तो क्षण माझा नव्हता. झाले ते झाले, असे आता जरा शांतपणे म्हणता येते आहे. ज्याला पान तिरपे धरावेसे वाटेल त्याला दिसेल. बाकीच्यांना क्लॅरिसाची काळजी वाटली तर आपापली पेन्सिल आहेच, आणि यापुढे तरी त्या पेन्सिलीमागे माझे रबर जाणार नाही.

शिवण आता पुरी झाली, पाठीला खळही लावली. खळ सुकेपर्यंत पुस्तकावर रात्रभर वजन ठेवायचे असते, म्हणजे पाने सपाट बसतात. आज वजन ठेवलेले नाही. पाठ थोडी वाकडी सुकेल, ती तशीच परत नेईन.