बुटका सुमॅक, लांब मुळं

नर्सरीतल्या चिठ्ठीवर 'ड्वार्फ' म्हणजे बुटकं असं लिहिलेलं असतं ते फक्त उंचीपुरतं. मुळांबद्दल चिठ्ठी गप्प बसते. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे जेवायला आलेल्या दोन-तीन जणांनी दारातलं सुमॅकचं पिवळंधमक झुडूप बघून "हे काय आहे, आम्हालाही लावायचंय" असं विचारलं. सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आधी मुळांचं लक्षात ठेवा, मग रंगाच्या प्रेमात पडा.

इथे अमेरिकेत, मिनेसोटात राहणाऱ्यांना सुमॅक नवा नाही. सप्टेंबर लागला की हायवेच्या उतारांवर सगळ्यात आधी लालभडक होतो तो हाच. लोक गाड्या काढून उत्तरेला मेपल बघायला जातात, फोटो काढतात, आणि वाटेत दुतर्फा पेटलेल्या सुमॅककडे कुणी ढुंकूनही बघत नाही. फुकटच्या गोष्टीला किंमत नसते, दुसरं काय! इथले बरेच लोक त्याला तणच समजतात, आणि त्यांचंही अगदी चुकत नाही. रानटी स्टॅगहॉर्न सुमॅक पंधरा-वीस फूट सहज वाढतो, मुळांवरून फुटवे काढत पसरतो आणि काही वर्षांत एका झाडाची झाडी करतो. वुडबरीतल्या आमच्यासारख्या आखीव अंगणात तो आणायचा म्हणजे उंटाला तंबूत घेण्यातला प्रकार.

म्हणून बुटक्या जाती. मी तीन बघितल्या. 'ग्रो-लो' हा सुवासिक सुमॅकचा प्रकार, उंची जेमतेम दोन फूट, पसारा मात्र सहा ते आठ फूट. 'प्रेअरी फ्लेम' ही शिकागोजवळच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानाने निवडलेली जात. पानं चकचकीत हिरवी आणि शरद ऋतूत लाल. झाड नर असल्यामुळे फळं येत नाहीत. आणि तिसरा 'टायगर आईज'. मी हाच घेतला, आणि त्यात थोडा गावाचा अभिमानही आहे. आमच्या शेजारच्या न्यूपोर्टमध्ये बेली नर्सरी आहे, १९०५ पासूनची. तिथे १९८५ साली कातरलेल्या पानांच्या स्टॅगहॉर्न सुमॅकमध्ये एक पिवळ्या पानांचं रोप आपोआप निघालं. कुणी मुद्दाम संकर केला नव्हता. त्या रोपाची वाढ, रंग, थंडीतला टिकाव हे सगळं तपासत जवळजवळ दोन दशकं गेली आणि २००४ च्या सुमारास ते बाजारात आलं. सहा फूट उंच, तेवढंच रुंद. कोवळी पानं पोपटी, मग पिवळी, ऑक्टोबरमध्ये केशरी आणि शेंदरी. देठ गुलाबीसर, फांद्यांवर मखमली लव. अमेरिकेच्या थंडीच्या नकाशातल्या झोन ४ मध्ये टिकतं, म्हणजे उणे ३४ सेल्सिअसपर्यंत.

सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा मी सहज बोलून गेले, की हे झाड आंब्याच्या कुळातलं. आंबा, काजू, चारोळी, बिब्बा सगळे भाऊबंद. बिब्बा म्हटल्याबरोबर त्यांनी हात मागे घेतला.

"अगं, बिब्ब्याच्या जातीतलं आणि दारात लावलंस? पोरं हात लावतील, उततील ना!"

"आई, बिब्ब्याची गोडंबी तुम्हीच आणता की डिंकाच्या लाडवात घालायला."

"गोडंबी वेगळी. वरचं तेल लागलं की कळतं. आमच्या परटाच्या हातावर डाग होते कायमचे."

त्यांची भीती अगदी रास्त होती, कारण या कुळात खरोखरच त्रास देणारी मंडळी आहेत. बिब्ब्याचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल, आंब्याचा चीक, आणि इथे अमेरिकेत पॉयझन आयव्ही आणि पॉयझन सुमॅक. अंगावर फोड आणणारी रसायनं सगळ्यांची जवळजवळ सारखीच. पण पॉयझन सुमॅक वेगळा. तो दलदलीत वाढतो, त्याची फळं पांढुरकी आणि खाली लोंबणारी, पानांच्या कडा सरळ. आपल्या टायगर आईजच्या पानांना दात असतात, फांद्या लवदार असतात आणि फळं आलीच तर लाल, उभ्या तुऱ्यात. याच्यात ते विष नाही. तरीही फांदी तोडली की दुधासारखा चिकट चीक निघतो, तो हातावर वाळून काळा पडतो, आणि ज्यांना आंब्याच्या सालीने ओठ सुजतात त्यांनी हातमोजे घातलेले बरे. मी घालते.

हेच सगळं मला आमच्या सोसायटीच्या कमिटीलाही लिहून द्यावं लागलं. झाड लावायच्या अर्जात सुमॅक हा शब्द वाचून त्यांनी परत पाठवलं, कारण विषारी म्हणे. मी पॉयझन सुमॅक आणि स्टॅगहॉर्न यांचे फोटो शेजारी शेजारी चिकटवून पाठवले. मंजुरी आली. त्याच कमिटीने प्रत्येक घरासमोर य्यू हे सदाहरित झुडूप लावायला परवानगी दिलेली आहे, आणि य्यूच्या बिया नि पानं खरोखर विषारी असतात, पण तो विषय मी काढला नाही. आपल्या कामात आपणच कशाला बिब्बा घालायचा?

लावताना काय बघायचं? ऊन. दिवसभराचं. सावलीत पिवळा रंग फिका पडून हिरवट होतो आणि शरदातला तमाशा निम्मा होतो. दुसरं, पाण्याचा निचरा. आमच्या बिल्डरने वरची काळी माती कुठे नेली देव जाणे, खाली राहिली आहे ती दाबलेली चिकणमाती. सुमॅकला निकस माती चालते, खडकाळ चालते, पण पाय पाण्यात बुडालेले चालत नाहीत. पाणी साठलं की मूळ कुजतं, आणि मातीतल्या बुरशीमुळे येणारी मर त्याला तशीही लवकर लागते. म्हणून मी वाफा जमिनीपासून वीतभर उंच केला, खड्डा कुंडीइतकाच खोल पण दुप्पट रुंद घेतला, आणि आळं केलं नाही. आपल्याकडची आळं करण्याची सवय इथे सोडावी लागते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, नंतर पावसावर सोडून दिलं. खत नाही. खत घातलं की ते नुसतं वाढतं आणि फुटवे काढतं.

कुदळ मारण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या तारा-नळ्या कुठे आहेत ते दाखवणारी ही सेवा. फुकट आहे. माणसं येऊन रंगीत झेंड्या लावून जातात, पिवळी गॅसची, लाल विजेची, निळी पाण्याची. आमच्याकडे मी ठरवलेल्या जागेच्या बरोबर मधून पिवळी रेघ गेली, म्हणून झाड गॅरेजच्या कोपऱ्याकडे सरकलं आणि तिथे मागच्या गडद भिंतीमुळे ते अधिकच उठून दिसायला लागलं.

आता फुटवे. टायगर आईज आपल्या रानटी आईपेक्षा कमी फुटतो, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मूळ जमिनीखाली आडवं पळतं आणि तीन-चार फुटांवर पिवळं डोकं वर काढतं. लॉनमध्ये आलं तर चिंता नाही, गवत कापायचं यंत्र फिरलं की गेलं. फुलांच्या वाफ्यात आलं तर हाताने. नुसतं वरून छाटू नका, माती बाजूला करून मुळापाशी ओढून काढा, नाहीतर एकाची तीन होतात. आणि सुमॅकच्या आसपास खोल खणू नका. मूळ दुखावलं की त्याचं उत्तर फुटव्यानेच येतं. एका बाजूला फरशी आणि दुसऱ्या बाजूला गॅरेजची भिंत अशी जागा असेल तर कटकट निम्मी होते. नाजूक बारमाही फुलांच्या मधोमध मात्र लावू नका. माझ्याकडे त्याच्या पायाशी कोनफ्लॉवर आहेत, ते स्वतःच दांडगे आहेत, त्यामुळे दोघांचं जमतं.

मे महिन्यात घाबरायचं नाही. लायलॅकला पानं येतात, गल्लीतली सगळी झाडं हिरवी होतात आणि सुमॅकच्या जागी नुसत्या जाड काठ्या उभ्या. उशिरा फुटणं हा त्याचा स्वभावच आहे. सासूबाई दर वर्षी फोनवर विचारतात, "अजून काठ्याच का गं?" मेलेले शेंडे कापायचे असतील तर पानं फुटल्यावर कापा, म्हणजे कुठपर्यंत जिवंत आहे ते दिसतं.

हिवाळ्यातला शत्रू थंडी नाही, ससा. बर्फ साचला की ससे त्यावर उभे राहून साल कुरतडतात, आणि खोडाभोवती गोल साल गेली की वरचं झाड संपलं. मी नोव्हेंबरात बारीक जाळी लावते, आणि ती बर्फाच्या अंदाजापेक्षा दोन फूट उंच ठेवते.

फळांचं विचाराल तर माझ्या झाडाला अजून नावापुरती आली. पण रानातल्या सुमॅकचे तुरे ऑगस्टात आणून थंड पाण्यात चोळून, कपड्यातून गाळून साखर घातली की कोकम सरबताच्या जवळ जाणारं गुलाबी पेय होतं. गरम पाणी नको, तुरट उतरतं. हायवेच्या कडेचे तुरे घेऊ नका, तिथे धूर आणि फवारणी दोन्ही असतात.

ज्यांच्याकडे उतार आहे त्यांनी टायगर आईजच्या मागे लागू नये, ग्रो-लो लावावा. तो माती धरून ठेवतो, आणि रस्त्यावरचं मीठही सोसतो. म्हणूनच इथल्या पार्किंगच्या कडांना तोच दिसतो. पान चुरगळलं की छान वास येतो. फक्त त्याची पानं तीन-तीनच्या जुडीत असतात, अगदी पॉयझन आयव्हीसारखी. फरक मधल्या पानात बघायचा: पॉयझन आयव्हीच्या मधल्या पानाला लांब देठ असतो, ग्रो-लोच्या मधल्या पानाला जवळजवळ नसतोच. हे बघून घ्या, मग चुरगळा.