बॉब नव्हे, रोबर्तो

बेसबॉल कार्डांच्या, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या कार्डांच्या, दुकानात मागच्या भिंतीला लागून पुठ्ठ्याचे लांबट खोके मांडलेले असतात. त्यातलं कुठलंही कार्ड उचला, पाव डॉलर. महिन्यातला एखादा शनिवार माझा तिथेच जातो. उकिडवं बसायचं आणि दोन बोटांनी एकेक कार्ड पुढे ढकलत राहायचं. काळा-पिवळा रंग दिसला की थांबायचं आणि गुडघे बोलायला लागले की उठायचं.

काळा-पिवळा म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्स, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा बेसबॉल संघ. मुंबईच्या टॅक्सीचेही हेच रंग. शिकायला म्हणून या गावात आलो तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे संघ निवडण्यात त्या टॅक्सीचा थोडा हात असावा. बाकीचं काम तिकिटाच्या दरानं केलं. संघ हरत होता, म्हणून तिकिटं स्वस्त. आणि हरणं तरी कसं? 1993 ते 2012 अशी सलग 20 वर्षं या संघानं जिंकले त्यापेक्षा जास्त सामने गमावले. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत हा विक्रम आहे. पण मैदानातल्या खुर्चीत बसलं की समोर नदी, नदीवर पिवळा पूल, पुलापलीकडे उंच इमारती. संघ हरत असला तरी नजरेला दुसरं काम असायचं.

हरणाऱ्या संघाची कार्डं जमवण्यात फायदा असा, की कुणी स्पर्धेला नसतं. न्यूयॉर्क यँकीजवाल्यांना प्रत्येक बऱ्या कार्डासाठी खिसा रिकामा करावा लागतो. आमच्या राखीव कॅचरचं, म्हणजे बेसबॉलमधल्या यष्टिरक्षकाचं, कार्ड मात्र माझीच वाट बघत खोक्यात पडलेलं असतं. या छंदात अशा कार्डांना ‘कॉमन’ म्हणतात, आणि एकाच संघामागे लागलेल्या माझ्यासारख्याला ‘टीम कलेक्टर’. बाकीचे भावी स्टारच्या मागे धावतात. टीम कलेक्टरला यादीतलं प्रत्येक नाव हवं असतं. मोसमात चार सामने खेळून घरी गेलेलासुद्धा.

सांगलीला असताना काड्यापेट्यांचे छाप जमवायचो. मग बबलगमबरोबर क्रिकेटवाल्यांचे फोटो निघायला लागले, तेव्हा ते. गम एका मित्राच्या पोटात आणि फोटो माझ्या कंपासपेटीत, असा करार होता. ‘माझ्याकडे डबल आहे’ या वाक्याला वर्गात जी किंमत होती, ती पहिल्या नंबरालाही नव्हती. आईला फोनवर हा नवा छंद सांगितला तेव्हा ती म्हणाली, “अरे, छाप बरे होते की. फुकट मिळायचे.”

इथल्या कार्डांचं मूळही तसलंच, फुकटचं. आधी सिगारेटच्या पाकिटात, मग गमबरोबर. टॉप्स या कंपनीच्या पाकिटात गुलाबी गमची वडी 1991 पर्यंत असायची. जुन्या पाकिटांतल्या एखाद्या कार्डावर तिचा तेलकट डाग अजून दिसतो. सिगारेटच्या काळातलं सगळ्यात नावाजलेलं कार्ड आमच्याच संघाच्या होनस वॅग्नरचं आहे. 1909 च्या सुमारास निघालं आणि त्याच्याच हरकतीमुळे लगेच थांबलं. कुणी म्हणतं त्याला पोरांच्या हातात तंबाखू नको होता, कुणी म्हणतं पैशावरून फिसकटलं. आज ती जेमतेम पन्नास-साठ उरलीत आणि 2022 मध्ये एक साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. म्हणजे तो विषय आमच्या घरात बंद.

आता माझ्या वहीतलं एक कार्ड दाखवतो. 1968 सालचं. आकार अडीच बाय साडेतीन इंच, किनारीला गोणपाटासारखी नक्षी. वरचा उजवा कोपरा दुमडून पुन्हा सरळ केलाय. कुठल्या तरी पोरानं खिशात कोंबलं असणार. त्यावरचा माणूस आहे रोबर्तो क्लेमेंते. स्पॅनिश बोलणाऱ्या पोर्तो रिको बेटाचा. मैदानाच्या उजव्या कोपऱ्यातून त्यानं फेकलेला चेंडू थेट पलीकडच्या तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव घेताना गाठायच्या तिसऱ्या टप्प्यावर येई, म्हणे. तो खेळायचा 21 नंबर लावून, म्हणून आमच्या मैदानाची उजवीकडची भिंत बरोबर 21 फूट उंच बांधली आहे. असा माणूस. आणि कार्डावर नाव काय छापलंय? बॉब क्लेमेंते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं छपाईची चूक. पण 1955 आणि 56 च्या कार्डांवर टॉप्सनं रोबर्तोच छापलं होतं. 57 पासून त्याचा बॉब झाला आणि 69 पर्यंत बॉबच राहिला. ‘रोबर्तो’ अमेरिकन कानाला परकं वाटे. तो बिचारा सांगत राहिला, की बाबांनो, माझं नाव रोबर्तो आहे. वार्ताहर त्याचं इंग्रजी जसंच्या तसं, अडखळत्या स्पेलिंगांनी छापून वर त्याचं हसं करत. चार वेळा तो लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला, 1966 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे सगळं कार्डांच्या हिशेबात बॉबच्या खात्यावर जमा आहे.

1970 च्या कार्डावर तो पुन्हा रोबर्तो झाला. हातात उरली होती तीन वर्षं. 30 सप्टेंबर 1972 ला त्यानं तीन हजारावी हिट मारली, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठायची तीन हजारावी वेळ. त्याच वर्षी 31 डिसेंबरला, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. एरवी खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. ती अट बाजूला ठेवून 1973 मध्येच त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनात घेतलं. तिथल्या ब्राँझच्या पाटीवर कोरलं ‘रोबर्तो वॉकर क्लेमेंते’. तिकडच्या रीतीनं आईचं आडनाव शेवटी येतं. हवं होतं ‘क्लेमेंते वॉकर’. ती पाटी बदलायला 2000 साल उजाडलं.

मला हे लागण्याचं कारण उघड आहे. माझं नाव मकरंद. पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं, “तुला मॅक म्हटलं तर चालेल ना?” मी म्हटलं, चालेल. माझ्या खुर्चीमागे कुणी टॉप्सवाला उभा नव्हता. मीच मान डोलावली. 2008 मध्ये पायरेट्सनी उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन पोरांना करारबद्ध केलं. दोघं मूळचे भालाफेकवाले, बेसबॉल आयुष्यात खेळले नव्हते. मेजर लीगपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत, ते काही पोचले नाहीत. पण तो आठवडाभर ऑफिसात जो तो विचारायचा, “मॅक, तुझ्या ओळखीचे का रे?” त्यांना मात्र सगळे रिंकू आणि दिनेशच म्हणत. मला जरा हेवा वाटला.

हल्ली आमच्या संघालाही बरे दिवस आलेत, निदान कार्डांच्या बाजारात. पॉल स्कीन्स नावाचा पोरगा चेंडू असा फेकतो, की त्याचं कार्ड खोक्यात सापडायची सोय राहिली नाही. त्याच्या पहिल्या सामन्यातल्या जर्सीवरचा बिल्ला बसवलेलं एकुलतं एक कार्ड लॉस एंजेलिसमधल्या 11 वर्षांच्या मुलाला पाकिटात मिळालं. पायरेट्सनी त्या बदल्यात बरंच काही देऊ केलं, त्यात दोन माणसांची 30 वर्षांची तिकिटं. घरच्यांनी नको म्हटलं आणि मार्च 2025 मध्ये लिलावात त्याचे 11 लाख डॉलर आले. बायकोला ही हकिकत सांगितली तर ती म्हणाली, “30 वर्षं पायरेट्स बघायचे? मुलगा हुशार आहे.”

गेल्या महिन्यात मॉलमधल्या प्रदर्शनात एका टेबलावर मला 1970 चं क्लेमेंते दिसलं. राखाडी किनार, चारही कोपरे झिजलेले, मागच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीनं बेरीज केलेली. म्हणूनच ते चाळीस डॉलरला होतं. टेबलामागच्या म्हातारबुवांनी ते प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढून माझ्या तळहातावर ठेवलं. नाव नीट वाचलं. रोबर्तो. मी सहज म्हटलं, “माझ्याकडे 68 चं बॉब आहे.” ते भडकलेच. “बॉब कसला? माझ्या वडिलांनी त्याला कधी बॉब म्हटलं नाही, मीही नाही. ज्याचं नाव त्याला!” वर पाच डॉलर कमी केले.

मग त्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि विचारलं, “नाव काय लिहू?”

“मॅक,” मी म्हटलं.