आमची वाटचाल : बाबांच्या फझपासून सरावाच्या खोलीपर्यंत

बँडना सरावाची खोली भाड्याने देण्याच्या आमच्या व्यवसायाचं मूळ गिरगावातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आहे. दुकान बाबांचं. लॅमिंग्टन रोडचा सुट्या भागांचा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे व्हॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर यांची कधी ददात पडली नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बाबा रेडिओवरून गिटारच्या अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरकडे, वळले ते बँडमध्ये वाजवणाऱ्या पोरांमुळे. गळ्यात गिटार असायची, पण ती लावायला धड अँप नसायचा.

तो काळ बँडसाठी भरभराटीचा होता. सिगारेट कंपनीच्या पैशावर चालणारी सिमला बीट स्पर्धा गाजत होती, 1970 आणि 1971 च्या स्पर्धकांच्या तर एलपीही (मोठ्या तबकड्या) निघाल्या. 1971 सालीच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ हा उघड्यावरचा संगीत महोत्सव झाला. वाजवणारे होते, ऐकणारे होते, अडत होतं ते सामानावाचून. आयातीवर निर्बंध, त्यामुळे परदेशी अँप यायचा तो बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून. बाकीचे सभा-समारंभांच्या अँपवर गिटार लावायचे. ते अँप भाषण स्पष्ट ऐकू यावं म्हणून बनवलेले, आणि या पोरांना हवा होता फाटलेला, लांबत जाणारा सूर.

बाबांनी तेव्हा बनवलेला एक फझ, म्हणजे गिटारचा सूर असा फाडणारा डबा, आजही माझ्या टेबलावर आहे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे दोन एसी 128 ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, वर पायाने दाबायचं बटण. सर्किट सोपं आहे. कठीण होता तो मुंबईचा उन्हाळा. हे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. ते तापले की त्यांतून गळणारा करंट वाढतो, बायस (ट्रान्झिस्टरला बांधून दिलेला विजेचा दाब) सरकतं आणि सूर घशात अडकल्यासारखा येतो. म्हणून बाबा ट्रान्झिस्टर मूठभर आणायचे, एकेकाची गळती मीटरवर मोजायचे, कमी गळणारे फझसाठी बाजूला ठेवायचे आणि उरलेले रेडिओत घालायचे. शिवाय डब्याच्या बुडाला एक भोक पाडलेलं, आत बायस जुळवायचा प्रीसेट, म्हणजे छोटा फिरता पेच. हॉलमध्ये उकडायला लागलं की वाजवणाऱ्याने तो स्क्रू ड्रायव्हरने किंचित फिरवायचा. बाजारातला कुठलाही तयार फझ इतका विचार करून बनवलेला मी पाहिलेला नाही, आणि हे मुलगा म्हणून नाही, कारागीर म्हणून सांगतो.

इकोसाठी, म्हणजे सुराच्या प्रतिध्वनीसाठी, स्पूल (टेपच्या रिळांचा) रेकॉर्डर. रेकॉर्डिंगचं आणि प्लेबॅकचं हेड यांत चार सेंटिमीटरचं अंतर, टेपचा वेग सेकंदाला 19 सेंटिमीटर, म्हणजे वाजवलेला सूर साधारण 0.2 सेकंदाने पुन्हा ऐकू येतो. यंत्र हाताशी असल्यामुळे बाबा दुकानामागच्या खोलीत चाललेले सरावही टेप करून ठेवत. आमचा आजचा धंदा खरं तर त्या सवयीतून उभा राहिला.

हे मला नीट उमगलं ते ॲटॉमिक फॉरेस्टमुळे. किथ कांगा यांचा हा मुंबईचा बँड, ताजमधल्या ‘ब्लो अप’ डिस्कोथेकमध्ये वाजवणारा. ऐकायला येणाऱ्यांना ओळखीची परदेशी गाणी हवी असत आणि ती ते वाजवतही. पण फझमधून, लांबवलेल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यांतून ते आपला आवाज शोधत होते. त्यांची एकुलती एक एलपी पॉलिडॉरने काढली ती 1981 साली, बँड मोडल्यावर. पुढे 2011 च्या सुमारास अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ या रेकॉर्ड कंपनीने ती पुन्हा आणली आणि सोबत तोवर कधीच न निघालेलं रेकॉर्डिंगही. टेप कुणीतरी जपल्या होत्या, म्हणून हे झालं. माझ्या मते एलपीपेक्षा त्या टेपांमध्येच हा बँड जास्त भेटतो. त्या काळच्या किती बँडचं असं काहीच मागे राहिलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढची वर्षं अँप भाड्याने देण्यात गेली. 1986 ला मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला, कॉलेजांचे महोत्सव वाढले, काम भरपूर होतं. 1991 नंतर परदेशी माल दुकानांत आला आणि आमच्या अँपची मागणी आटली. रंगभवनही शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकून बंद पडलं. वाजवणारे मात्र कमी झाले नाहीत. ते कल्याण, अंबरनाथ, बदलापूरहून पाठीला गिटार अडकवून लोकलने मुंबई गाठत होते. म्हणून आम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसीत गाळा घेतला आणि तासावर भाड्याने देण्यासाठी जॅम रूम, म्हणजे बँडच्या सरावाची खोली, बांधली.

तिथे शेजाऱ्यांची कटकट नव्हती, पण बाजूच्या गाळ्यातल्या पॉवर प्रेसचा ठोका आत यायचा. अंड्यांचे ट्रे लावून तो थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि मधे पोकळी लागते. म्हणून खोलीच्या आत खोली केली: रबराच्या तुकड्यांवर उचललेली जमीन, जिप्समचे दुहेरी थर, मधे रॉकवूल (दगडी लोकर), दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी. इतकी बंद खोली म्हणजे हवा कोंडणार, त्यासाठी आतून अस्तर लावलेला नागमोडी डक्ट. खर्चाचा मोठा वाटा त्या डक्टमध्ये गेला आणि तो सार्थकी लागला.

पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. खोलीत जो वाजवेल त्याचा सराव प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होतो, वेगळे पैसे न घेता. बँडची हरकत नसेल तर एक प्रत आमच्याकडेही राहते. प्रयोग करणाऱ्या बँडला याची सर्वांत जास्त गरज असते, कारण त्यांचं काम कागदावर नसतं. अंबरनाथचा एक बँड आमच्याकडे वाजवतो, त्यातला एक मुलगा गोंधळी घरातला. त्याला संबळीचा जाड बाजूचा घुमारा गिटारसारखा फाडायचा होता. आम्ही कडेला पिएझोची (कंपनाचं विजेत रूपांतर करणारी) चकती चिकटवली, मधे तो सिग्नल कमजोर होऊ न देणारा एक बफर घातला आणि तार नेली ती बाबांच्या फझमध्ये. पुढचा अर्धा तास जे वाजलं ते त्यांना पुन्हा तसं जमलेलं नाही, पण ट्रॅक आहे. त्यावरून त्यांनी आता अख्खी रचना बांधली आहे.

अलीकडे आम्ही जुन्या टेप डिजिटल करायलाही घेतल्या आहेत. सुरुवात बाबांच्या स्पूलपासून केली. काहींचं बाइंडर (टेपवर चुंबकीय थर धरून ठेवणारा डिंक) ओलावा धरून चिकट झालेलं असतं, त्या 54 अंशांच्या आसपास काही तास तापवून मगच वाजवाव्या लागतात. ॲसिटेट या जुन्या प्लॅस्टिकच्या टेपला मात्र हा उपाय अजिबात चालत नाही. म्हणून आधी टेप ओळखायची, मग हात लावायचा.

तुमच्या घरी माळ्यावर कुणा काका-मामांच्या बँडची स्पूल किंवा कॅसेट पडली असेल, तर ती लावून बघण्याचा मोह आवरा. बुरशी आलेली टेप हेडवर घासली की आवाजासकट ऑक्साइड, म्हणजे टेपवरचा चुंबकीय थर, खरवडून निघतं. आहे तशी कोरड्या पिशवीत घालून आणा, आणि डब्यावर काही लिहिलेलं असेल तर तो डबाही सोबत आणा.