परत आलेला माल कुठे आहे?

घोडबंदर रोडवरचं मोठं दुकान असो की वाशी-सीवूड्सच्या मॉलमधलं, चोरी म्हटली की सगळ्यांची नजर दारावरच्या गार्डकडे वळते. रिफंडच्या काउंटरवरून जाणारा पैसा मात्र कुणाला दिसत नाही, कारण त्याची कागदपत्रं नीट असतात. बिल असतं, नोंद असते, सही असते. फक्त माल नसतो.

प्रकार साधा आहे. रोखीचं बिल गिऱ्हाईक काउंटरवर किंवा ट्रॉलीत टाकून जातं. ते उचलून त्यातल्या ८९९ रुपयांच्या एका वस्तूची परत म्हणून नोंद टाकली की सिस्टीमच्या मते माल आत आला आणि पैसे बाहेर गेले. नोंदीइतकीच रोकड खिशात गेल्यामुळे गल्ला तंतोतंत जुळतो. तूट दिसते ती स्टॉक मोजताना, दोन-तीन महिन्यांनी, आणि तोवर ती दारावरच्या चोरांच्या नावावर टाकली जाते. दुकानाला ३ टक्के निव्वळ नफा सुटत असेल, तर असे ९०० रुपये भरून काढायला ३०,००० रुपयांचा माल विकावा लागतो.

म्हणून माल घेणारा आणि पैसे मंजूर करणारा, हे दोघं वेगळे हवेत. बहुतेक दुकानांत हा नियम कागदावर असतोच. रविवारी संध्याकाळी रांग वाढली की सुपरवायझर आपला पासवर्ड कॅशियरला सांगून मोकळा होतो, आणि नियम तिथेच संपतो. पासवर्डऐवजी बोटाचा ठसा ठेवला तर हे बरंचसं थांबतं.

त्याहून महत्त्वाची आहे रात्रीची जुळणी. परत आलेल्या प्रत्येक वस्तूवर क्रेडिट नोटचा, म्हणजे परतीच्या पावतीचा, नंबर लिहिलेली चिठ्ठी लावायची आणि वस्तू कुलूप लागणाऱ्या जाळीच्या ट्रॉलीत टाकायची. दुकान बंद होताना, काउंटरवर न बसलेल्या तिसऱ्या माणसाने रिफंडच्या रिपोर्टमधली ओळ न् ओळ ट्रॉलीतल्या वस्तूशी ताडून पाहायची. ४० परती असतील तर साधारण अर्ध्या तासाचं काम. ते फसतं एकाच कारणाने: मदत करायची म्हणून कुणीतरी चांगला माल दुपारीच रॅकवर लावून टाकतो. मग ट्रॉलीत नसलेली वस्तू रॅकवर गेली की मुळात आलीच नव्हती, हे कळायला मार्ग उरत नाही. जुळणीआधी एकही वस्तू रॅकवर जाता कामा नये. इथे सवलत देऊच नका.

एखादी वस्तू सापडली नाही, तर त्याच रात्री कॅमेरा बघायचा. त्यासाठी कॅमेऱ्याचं आणि बिलिंग मशीनचं घड्याळ एकच वेळ दाखवायला हवं. चार मिनिटांचा फरकही पुरावा कुचकामी करतो, म्हणून दर सोमवारी दोन्ही ताडून घ्या. कॅमेऱ्यात काउंटरवरची वस्तू, स्कॅनर आणि ड्रॉवर दिसले पाहिजेत. परतीची मुदत ३० दिवस आणि रेकॉर्डिंग १५ दिवसांचं असेल, तर विक्रीच्या वेळचं चित्र कधीच पुसलं गेलेलं असतं. अशा दुकानात ४५ दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवा.

पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जावेत. यूपीआयचे यूपीआयवर, कार्डाचे त्याच कार्डावर. ‘ते खातं बंद झालंय, रोख द्या’ या विनंतीवर निर्णय मॅनेजरनेच घ्यावा. आठवड्याच्या रिपोर्टमध्ये काय बघायचं? एकाच मोबाइल नंबरवरच्या परती, बिल झाल्यावर दहा मिनिटांच्या आत झालेल्या परती, आणि दुकान बंद होण्याआधीच्या अर्ध्या तासातल्या रोख परती. एकाच कॅशियरच्या नावावर हे तिन्ही दिसले तर आरोप करायची घाई नको, आधी जुळणीचे कागद काढा.

गिऱ्हाइकाकडून होणारी फसवणूक वेगळी. नवरात्रात चनिया-चोळी नेऊन गरबा खेळायचा आणि दसऱ्यानंतर ती परत आणायची, हे दरवर्षीचं. टॅग आतल्या शिवणीला असेल तर तो लपवून घालता येतो. म्हणून परतीचं सील समोर, छातीवर किंवा बाहीवर लावा आणि सील तुटलं तर परत नाही हे बिलावर छापा. ट्रिमर, इअरफोन यांच्या खोक्यात जुनी वस्तू घालून आणतात, तिथे विकतानाच सिरीयल नंबर स्कॅन झालेला असला तरच वाद मिटतो. परत घेताना नंबर तीन ठिकाणी बघा: खोका, वस्तू आणि बिल.

यावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावणं हा उपाय नव्हे. बिघडलेला माल मुदतीत परत घ्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते.

सुट्या मालात बदामाच्या पिशवीवर शेंगदाण्याचं लेबल येतं, किंवा वजन झाल्यावर पिशवीत मूठभर आणखी पडतं. लेबल पिशवीच्या गाठीवरच चिकटवायचं, सोलताना फाटेल असं घ्यायचं. कॅशियरने स्क्रीनवरचं नाव वाचायची सवय लावून घ्यावी.

टॅग लागलेला माल बाहेर नेला की वाजणाऱ्या, दारावरच्या गेटची चाचणी रोज दुकान उघडण्याआधी करा. जिवंत, म्हणजे बंद न केलेला, टॅग घोटा, कंबर आणि खांदा अशा तिन्ही उंचीवरून न्या. टॅगचंच काम करणारं ८.२ मेगाहर्ट्झचं कागदी लेबल डिओच्या धातूच्या डब्याला थेट चिकटवलं तर गेट गप्प राहतं. पावसाळ्यात घडी न केलेल्या छत्र्या दारातच ठेवून घ्या, त्यात लहान वस्तू सहज मावतात. बिलावरचा शिक्का हा त्याच बिलावर दुसऱ्यांदा माल नेता येऊ नये म्हणून असतो. गार्डने एकूण नग आणि दोन-तीन महाग वस्तू बघूनच तो मारावा.

चोरी करताना कुणी सापडलंच, तर अंगाची झडती गार्डने घ्यायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, सामान्य नागरिकाने पकडलेल्या माणसाला विनाकारण उशीर न करता, उशिरात उशिरा सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. मागच्या खोलीत बसवून दंड उकळणं हा उलट दुकानावरच गुन्हा होऊ शकतो. ‘ताई, जरा बिल दाखवता का?’ एवढं शांतपणे विचारायला गार्डला शिकवा, आणि हा प्रश्न कपडे बघून ठरावीक लोकांनाच विचारला जात नाही ना, हे स्वतः दारात उभं राहून तपासा.